जवानाचे मटण आणि जोतीरावांचा हिशेब

सैन्यातल्या जवानाच्या ताटात पडणारे मटण कुठून येते, त्याचे पैसे कोण मोजतो आणि मधल्या मध्ये कोणाचे पोट भरते, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच तर विचारणाऱ्याच्या देशभक्तीची चौकशी सुरू होते. एरवी मात्र मांसावर आपल्याकडे रोज बोलले जाते. कोणाच्या डब्यात काय आहे, कोणाच्या टेम्पोत काय आहे, कोणाच्या फ्रीजमध्ये काय आहे, याची झडती रस्त्यावरची टोळकी घेतात. देशातल्या सर्वांत मोठ्या सरकारी स्वयंपाकघरांपैकी एकात मांस शिजते, त्याचा हिशेब मात्र चर्चेत नसतो. आम्ही तो मुद्दाम मांडतो आहोत. कारण १४० वर्षांपूर्वी हाच प्रश्न महाराष्ट्रात विचारणारा माणूस आमच्या परंपरेतला आहे. त्यांचे नाव जोतीराव फुले.

१८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे एकेक करून सांगतात. शेतसारा, कोर्टकचेऱ्या, भटकारकुनांची लूट, जंगलखात्याचा जाच. त्याच यादीत गोऱ्या सोल्जरांच्या खाण्याचा खर्चही येतो. तेव्हा गोऱ्या शिपायाला दिवसाला सुमारे एक रतल मांस मिळे आणि ते मुख्यतः गोमांस असे. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कामठी अशा छावण्यांचा हिशेब करा, म्हणजे किती जनावरे लागत असतील ते कळेल. जोतीरावांचे म्हणणे साधे होते. सोल्जरांसाठी इथल्या गायी, बैल, वासरे कापू नयेत. त्यांना मेंढरे-बकरी द्यावीत, नाहीतर परदेशातून गुरे विकत आणून ती मारावीत, आणि तसा कायदा करावा. कारण काय? शूद्र शेतकऱ्याला नांगराला बैल उरत नाही आणि शेताला शेणखत उरत नाही.

आजकाल गोरक्षक मंडळी हा उतारा शोधून काढतात आणि ‘बघा, तुमचे फुलेसुद्धा गोहत्येविरुद्ध होते’ असे आम्हालाच ऐकवतात. त्यांनी तो उतारा पुन्हा नीट वाचावा. त्यात गाय माता नाही. तिच्या पोटात तेहतीस कोटी देव नाहीत. परमुलखातली गाय विकत आणून इथे मारायला जोतीरावांची काही हरकत नाही. धर्म बुडण्याची चिंता असती तर अशी सूचना केली असती का? जोतीराव मांसाचा हिशेब धर्माच्या वहीत मांडत नाहीत, शेतकऱ्याच्या गोठ्यात मांडतात. सैन्याला खायला घालायचे तर घाला, पण त्याची किंमत सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल करू नका, एवढाच त्यांचा मुद्दा. ते स्वतः ठेकेदारी केलेले गृहस्थ होते. सरकारी कामात पैसा कुठे गळतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

याच्या उलट दहा वर्षांनी काय झाले ते पाहा. १८९३ साली गोरक्षिणी सभांच्या चळवळीतून ठिकठिकाणी दंगली पेटल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईतही रक्त सांडले. डिसेंबर १८९३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने व्हाइसरॉय लॅन्सडाउनला पत्र लिहिले. निमित्त मुसलमानांचे असले तरी ही चळवळ खरी आपल्याविरुद्ध आहे, कारण आपल्या सैन्यासाठी आपणच कितीतरी जास्त गायी मारतो, असा त्या पत्राचा आशय आहे. म्हणजे गाय कोण जास्त मारतो हे लंडनच्या राणीला ठाऊक होते. पण जमाव चालून गेला तो शेजारच्या मोहल्ल्यावर. छावणीच्या कत्तलखान्याकडे जायची छाती कोणाची झाली नाही. बंदूकवाल्याचे मांस कोणाला दिसत नाही आणि शेजाऱ्याचे दिसते, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता त्याच सैन्यातल्या हिंदी शिपायाकडे वळू. गोऱ्याला सरकारी मांस मिळत असताना हिंदी शिपायाला पहिल्या महायुद्धापर्यंत शांततेच्या काळात आपल्या पगारातूनच पोट भरावे लागे. लढायला सारखेच, खायला वेगळे. याचा परिणाम मेसोपोटेमियात दिसला. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांनी कुत येथे ब्रिटिश फौजेला वेढा घातला होता. वेढ्यात अडकलेली ती सहावी पुणे डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खायची वेळ आली. गोऱ्यांनी खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे नकार दिला. धर्मगुरूंच्या परवानग्या मागवल्या गेल्या, तरी माणसे बिचकत होती, कारण गावी परतल्यावर जातीबाहेर टाकतील ही भीती होती. उपासमारीने आणि रक्तपितीने माणसे मेली. तुर्कांच्या तोफांपेक्षा गावच्या जातपंचायतीची दहशत मोठी होती, याहून जातीच्या ताकदीचा वेगळा पुरावा काय हवा?

या इतिहासाशी आमचा संबंध रक्ताचा आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार. लष्करी शाळेत शिकलेल्या आणि शिकवलेल्या त्या पिढीने आमच्या समाजात पहिली अक्षरे आणली. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी पाठपुरावा केला. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता. आजही आमच्या वस्त्यांत सकाळी डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे भरतीच्या तयारीची असतात. म्हणून सैन्याच्या स्वयंपाकघराविषयी बोलण्याचा हक्क आम्हाला कोणी द्यायची गरज नाही. तिथे जेवणारी पोरे आमची आहेत.

आजची व्यवस्था थोडक्यात सांगायची तर अशी. सैन्याला रेशन पुरवण्याचे काम आर्मी सर्व्हिस कोअरकडे आहे. डाळी, साखर, चहा असा कोरडा शिधा केंद्रीय पातळीवर खरेदी होतो. मांस, कोंबडी, अंडी, भाजी, फळे हा ताजा माल ठिकठिकाणच्या ठेक्यांतून घेतला जातो. मांस म्हणजे बोकड-मेंढीचे मटण आणि चिकन. त्याची तपासणी सैन्याचे पशुवैद्यक करतात. जो शाकाहारी आहे त्याला त्या ऐवजी वेगळा शिधा मिळतो. उंचावरच्या चौक्यांसाठी गोठवलेले आणि डबाबंद मांस जाते. म्हैसूरला १९६१ पासून संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे. शिजवलेले मटण पाकिटात महिनोन्‌महिने टिकावे, सियाचीनला गरम करून खाता यावे, यासाठी तिथे शास्त्रज्ञ काम करतात. आम्हाला याचा अभिमानच आहे. उणे तापमानात उभ्या राहणाऱ्या माणसाला प्रथिने लागतात, हे सरकारने मान्य केले आहे आणि त्यासाठी तिजोरी उघडली आहे.

पण तिजोरी उघडली की वाटेत हात पसरतात. २०१० मध्ये कॅगने सैन्याच्या रेशन पुरवठ्यावर अहवाल दिला. मुदत संपलेला शिधा मुदत वाढवून जवानांना दिला जात असल्याचे त्यात आले आणि खरेदीत पुरेशी स्पर्धा नसल्यावरही बोट ठेवले गेले. त्याआधी लडाखमधल्या जवानांसाठी घेतलेल्या गोठवलेल्या मांसाच्या खरेदीवरून लेफ्टनंट जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यापर्यंत चौकशी गेली होती. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या तेज बहादूर यादव या जवानाने हळद-मिठाच्या पाण्यासारखी डाळ आणि करपलेला पराठा दाखवणारा व्हिडिओ टाकला. तीन महिन्यांत त्याचीच नोकरी गेली. ताट दाखवणाराच बडतर्फ झाला. जवानांच्या नावाने जे उठता-बसता गळा काढतात, त्यांच्यापैकी किती जण त्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहिले?

ही झाली वरची बाजू. खालची बाजू आम्हाला जास्त जवळून माहीत आहे. मटण बोकडापासून होते आणि बोकड गरिबाच्या दारात वाढतो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १४ कोटी ८९ लाख शेळ्या आहेत, महाराष्ट्रात एक कोटीच्या वर. त्या पाळतो कोण? भूमिहीन मजूर, धनगर, पारधी, आदिवासी, आणि आमच्या वस्त्यांतल्या विधवा आणि परित्यक्ता. उस्मानाबादी शेळी ही मराठवाड्यातल्या दलित बाईची बँक आहे. पोरीची फी, नवऱ्याचे आजारपण, सावकाराचा हप्ता, यातले काहीही अंगावर आले की ती बाई बोकड घेऊन आठवडी बाजारात उभी राहते.

तिथे काय होते? बोकड वजनावर विकला जात नाही. व्यापारी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, कमरेजवळ चिमटीत धरून बघतो आणि एक आकडा बोलतो. घ्यायचा तर घे. समजा बोकड २५ किलोचा आहे. कापल्यावर त्यातून साधारण निम्मे, म्हणजे १२ किलोच्या आसपास मटण निघते. व्यापाऱ्याने तो २० किलोचाच धरला तर अडीच किलो मटणाचे पैसे त्या बाईच्या हातून जागेवरच गेले. मुंडी, पाय, वजडी, रक्ती, कातडे यांची किंमत तर तिच्या हिशेबात धरलीच जात नाही. मग गावचा व्यापारी, तालुक्याचा व्यापारी, शहराचा दलाल आणि शेवटी ठेकेदार. सरकारी ठेका ज्याचा दर सर्वांत कमी त्याला मिळतो. कमी दर भरून नफा काढायचा तर दोनच वाटा. एक तर जवानाच्या ताटातला माल मारायचा, नाहीतर शेळीवालीचा भाव पाडायचा. माल मारला तर निदान कधीतरी कॅग बोलते. भाव पाडला तर कोण बोलणार?

म्हणून आम्ही म्हणतो, जोतीरावांचा प्रश्न जुना झालेला नाही. त्यांनी सोल्जरांना मेंढरे-बकरी द्या म्हटले होते. आज देशी सैनिक तेच खातो. पण किंमत अजून त्याच माणसाकडून वसूल होते.

यावर उपाय नाही असे नाही. केंद्र सरकारचे २०१२ पासूनचे सार्वजनिक खरेदी धोरण सांगते की सरकारी खात्यांनी आपल्या खरेदीतला ठरावीक वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावा. हा वाटा आता २५ टक्के आहे आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे, ३ टक्के महिलांचे आहेत. आमचा प्रश्न आहे, सैन्याच्या मांस-अंडी-कोंबडीच्या ठेक्यांत हे ४ टक्के कुठे आहेत? खाटिक समाजातले किती तरुण, मातंग-बौद्ध महिलांचे किती गट या ठेक्यांपर्यंत पोचले? अनामत रक्कम, शीतगृह, वाहने, मागच्या अनुभवाची अट, या चाळणीतून वस्तीतला गट खाली गळतो आणि पिढीजात ठेकेदार वर राहतो. महाराष्ट्र सरकारचे पुण्यात पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. त्याच पुण्यात सदर्न कमांडचे मुख्यालय आहे. एकाकडे शेळ्या-मेंढ्यांचा कारभार, दुसऱ्याकडे कायमचे गिऱ्हाईक, आणि दोघांमध्ये काही किलोमीटरचे अंतर. हे अंतर अजून का कापले गेले नाही?

आता मुख्य दांभिकतेकडे येऊ. छावणीच्या भिंतीच्या आत मांस हे राष्ट्राचे बळ. भिंतीच्या बाहेर तेच मांस संशयाची वस्तू. २८ सप्टेंबर २०१५ ला दादरीजवळच्या बिसाहडा गावात मोहम्मद अखलाक यांना घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने ठेचून मारले. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा भारतीय हवाई दलात नोकरीला होता. मुलगा देशाचे आकाश राखत होता आणि बापाचा फ्रीज जमाव तपासत होता. त्याआधी २००२ मध्ये हरियाणातल्या दुलिना पोलीस चौकीपाशी पाच दलितांना गाय मारल्याच्या संशयावरून ठार केले. २०१६ मध्ये उनात मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या आमच्या भावांना गाडीला बांधून मारले. मेलेले ढोर ओढायला आम्हीच, ते सोलले म्हणून मार खायलाही आम्हीच.

आणि हे सगळे शेतकऱ्याच्या नावाने चालते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. पाच वर्षांपर्यंत कैद. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारी कलमे रद्द केली, पण कत्तलबंदी कायम ठेवली. आता जोतीरावांचीच फूटपट्टी लावू. या कायद्याने शेतकऱ्याच्या दावणीला बैल वाढले का? २०१२ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी घटली. अशी बंदी नसलेल्या पश्चिम बंगालमध्ये ती १५ टक्क्यांनी वाढली. ट्रॅक्टर आला, दुष्काळ पडले, ही कारणेही आहेतच. पण म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा बैल घ्यायचा, हे शेतकऱ्याचे चक्र कायद्याने मोडले, हे कोणत्याही बैलबाजारात जाऊन विचारा. २०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि ओरड झाली ती शेतकऱ्यांची. १८८३ मध्ये बैल कापला जात होता म्हणून शेतकरी नागवला जात होता. आज बैल विकता येत नाही म्हणून नागवला जातो. दोन्ही वेळा जोतीरावांचा निकष एकच उत्तर देतो. शेतकऱ्याचे हित बघा, शास्त्र-पुराण बघू नका.

हलाल-झटक्याचा वाद त्याच मुशीतला. मार्च २०२५ मध्ये राज्यात ‘मल्हार’ प्रमाणपत्राची टूम निघाली, हिंदू खाटकाकडूनच मटण घ्या म्हणून. वेगवेगळ्या धर्मांच्या, चालीरीतींच्या पोरांना एकाच लंगरात जेवू घालायचे काम सैन्य पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहे आणि त्यापायी पलटणी फुटल्या नाहीत. मग एका गल्लीतला खाटिक आणि कुरेशी एकमेकांसमोर उभे करून कोणाचे भले होणार? सुरी कोणाची हे विचारत बसलो, तर बोकडाचा भाव कोणी पाडला हा प्रश्न बाजूला पडतो. तोच हेतू असावा.

सर्वांत जास्त राग येतो तो अंड्याचा. जवानाला प्रथिने लागतात हे ज्या शासनाला कळते, त्याच शासनाला शाळेतल्या पोराच्या बाबतीत ते कळेनासे होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुरटलेली आहेत. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंडी दिली जातात, ती चांगलीच गोष्ट आहे. पण २०२३ च्या अखेरीस शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. अंडी द्यायची तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. आठवड्याला एक अंडे, तेही लोकवर्गणीतून! सियाचीनच्या मटणासाठी कोणी वर्गणी मागत नाही आणि मागूही नये. मग वाडीतल्या पोरीच्या अंड्यासाठी का? उद्या भरतीच्या मैदानावर छाती आणि उंची मोजताना ज्या पोराला बाहेर काढाल, त्याला लहानपणी कोणी खुरटवले ते आधी सांगा.

आम्हाला कोणी विचारेल, तुम्ही बौद्ध, मग मांसाची बाजू कशी घेता? उत्तर सोपे आहे. देवदत्ताने भिक्खूंना मांस पूर्ण वर्ज्य करा अशी मागणी केली होती, ती तथागतांनी नाकारली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गरजेपोटी मारणे आणि मारण्याची वासना यांत फरक केला आहे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला त्यांनी मृत मांस सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. गावाने फेकलेले खाऊ नका असे सांगितले, ब्राह्मणाचे ताट पुढे ओढा असे नाही. जो शाकाहारी आहे त्याचा आम्ही आदर करतो, आमच्यातही असे कितीतरी उपासक आहेत. पण स्वतःच्या ताटातली निवड ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या ताटावर पोलीस बसवणे ही दुसरी.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सैन्याच्या मांस, कोंबडी आणि अंड्यांच्या ठेक्यांचे दर दरवर्षी जाहीर करा. पलटणीची ताकद गुप्त ठेवा, पण किलोचा भाव गुप्त ठेवण्यात देशाची कसली सुरक्षा? ४ टक्के आणि ३ टक्क्यांचा हिशेब या ठेक्यांत वेगळा दाखवा. आठवडी बाजारात बोकड काट्यावर विकला जाईल अशी सक्ती बाजार समित्यांवर करा. शेळीपालक महिलांच्या गटांना आणि धनगर संस्थांना महामंडळामार्फत थेट छावणीशी जोडा. आणि शाळेतले अंडे सरकारी पैशाने परत आणा.

यातली एकही मागणी सैन्याविरुद्ध नाही. जवानाला सकस मिळावे, शेळीवालीला रास्त मिळावे आणि दोघांच्या मध्ये बसलेल्याने उजेडात यावे, इतकेच. आपल्या तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी जवळच्या छावणीच्या ठेक्यांविषयी माहिती अधिकारात अर्ज टाकायला सुरुवात करावी. दर किती, ठेकेदार कोण, राखीव वाटा किती, हे तीन प्रश्न पुरेत. उत्तर मिळाले तर ते गावच्या बाजारात मोठ्याने वाचून दाखवा. नाही मिळाले तर नाकारल्याचे पत्र वाचून दाखवा. शेळी घेऊन उभी असलेली बाई ते ऐकेल आणि पुढच्या वेळी व्यापाऱ्याने आकडा बोलला की त्याला काटा आणायला सांगेल.

जय भीम! जय जोती!